खेळाचा संगणक : आजची निवड व उद्यांची तरतूद

वार्षिक परीक्षेचे दिवस सरत आले म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत कांहीं विषय ठरल्या वेळीं येणाऱ्या पाहुण्यांप्रमाणें हजर होतात. क्रिकेटची बॅट, सायकल, सुटींतील सहल हे जुने पाहुणे. हल्लीं त्यांत एका नव्याची भर पडली आहे, व तो म्हणजे स्वतः एकेक भाग निवडून जुळविलेला खेळाचा संगणक. अशोक स्तंभापासून सोमेश्वरापर्यंत गंगापूर रोडनें सायकलवर जाणाऱ्या मुलांच्या तोंडीं 'प्रोसेसर कोणता घ्यावा', 'ग्राफिक्स कार्ड किती जी.बी.चें असावें' असे प्रश्न आम्ही नित्य ऐकतों. घरीं वडिलांपुढें हाच विषय निघाला म्हणजे तो बहुधा दोनच वाक्यांत संपतो : 'किती पैसे लागतील?' आणि 'इतके कशाला?' या दोन वाक्यांच्या दरम्यान जो विचार व्हावयास हवा तो होत नाहीं. म्हणून तो येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणकावर खेळावें कीं नाहीं, व खेळावयाचें तर किती वेळ, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्याचा निर्णय प्रत्येक घरानें आपापल्या विचारानें करावा. आमचा विषय त्याच्या पुढचा आहे. ज्या कुटुंबानें असा संगणक घेण्याचें ठरविलें आहे, त्यानें तो कोणत्या रीतीनें घ्यावा, म्हणजे तीन-चार वर्षांनीं सर्व यंत्र मोडींत न काढतां, त्यांतील एक-दोन भाग बदलून तेंच पुढें चालवितां येईल?

या बाबतींत दोन टोकांचीं मतें आमच्या कानीं येतात. पहिलें मत बहुधा मुलांचें : आतांच सर्वांत उंची सामान घ्यावें, म्हणजे पुढें दहा वर्षें पाहावयास नको. दुसरें बहुधा वडील माणसांचें : आतां सर्वांत स्वस्त घ्यावें, पुढचें पुढें पाहूं. आमच्या मतें हीं दोन्ही मतें सारखींच खर्चाचीं आहेत. पहिल्यांत आज न लागणाऱ्या शक्तीचे पैसे आज मोजावे लागतात. आणि ती शक्ति खरोखर लागण्याची वेळ येते, तोंवर पुष्कळदां नव्या पिढीच्या मध्यम दर्जाच्या भागांतून ती मिळूं लागलेली असते. दुसऱ्यांत पायाच इतका तोकडा राहतो, कीं एक भाग बदलावयास गेलें म्हणजे त्याच्यासाठीं दुसरा, दुसऱ्यासाठीं तिसरा बदलावा लागतो, आणि शेवटीं जुन्या यंत्राचें फक्त नांव शिल्लक उरतें.

खरा मार्ग शिकावयास आपणां नाशिककरांस फार दूर जाण्याचें कारण नाहीं. मध्यम स्थितींतील गृहस्थ घर बांधतो तेव्हां पैसे एकाच मजल्यापुरते असले, तरी पाया व खांब तो दोन मजल्यांच्या हिशेबानें घालतो, आणि खांबांच्या सळया स्लॅबच्या वर काढून ठेवतो. द्राक्षबागाईतदार आधीं डॉगरिजचा खुंट लावतो, व तो जोमदार झाल्यावर त्यावर पाहिजे त्या जातीचें कलम करितो. खुंट बळकट असला तर वरची जात पुढें बदलतांही येते. खुंटच कच्चा असला तर उत्तम जातीचें कलमही तग धरीत नाहीं. संगणकाचेंही असेंच आहे. त्यांत कांहीं भाग खुंटासारखे, दीर्घकाळ राहणारे असतात. कांहीं कलमासारखे, काळानुसार बदलावयाचे असतात. जे राहणार त्यांवर आज हात आखडूं नये. जे बदलणार ते आजच्या गरजेपुरतेच घ्यावे. आमचें सर्व म्हणणें या एका वाक्यांत आलें आहे. पुढील विवेचन हा त्याचा विस्तार समजावा.

राहणाऱ्या भागांत पहिला मान मदरबोर्डाचा. प्रोसेसर ज्या बैठकींत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि पुढें कोणता प्रोसेसर बसवितां येईल हें या सॉकेटावर व बोर्डाच्या बायॉसवर अवलंबून असतें. गेल्या दहा वर्षांचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. ए.एम.डी. कंपनीचे पहिले रायझेन प्रोसेसर २०१७ च्या मार्च महिन्यांत एएम४ नांवाच्या सॉकेटावर आले. त्या वेळीं बी३५० जातीचा साधा बोर्ड व सहा कोअरचा प्रोसेसर घेणाऱ्या अनेकांस, २०२२ मध्यें निघालेला रायझेन ७ ५८००एक्स३डी हा आठ कोअरचा, खेळांसाठीं नांवाजलेला प्रोसेसर त्याच बोर्डावर केवळ बायॉस नवा करून बसवितां आला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेंच. बदलला तो एक भाग. याच्या उलट, इंटेलचा सातव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर व त्याचा बोर्ड २०१७ च्या जानेवारींत ज्यांनीं घेतला, त्यांस त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत आलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर वापरावयाचा तर नवा बोर्ड घेणें भाग पडलें. सॉकेटाच्या संपर्कबिंदूंची संख्या दोहोंकडे ११५१ च होती. तरीही जुना बोर्ड चालला नाहीं. केवळ आकार जुळला म्हणजे भाग जुळला, असें समजणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

मात्र यावरून अमुक कंपनी सज्जन व तमुक लबाड असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. खुद्द ए.एम.डी.नें २०२० च्या मे महिन्यांत नव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालणार नाहींत असें प्रथम सांगितलें होतें, व ग्राहकांनीं ओरड केल्यावर थोड्याच दिवसांत ४०० मालिकेच्या बोर्डांपुरती माघार घेतली. त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांस ती सवलत २०२२ मध्यें मिळाली. तात्पर्य, कंपनीचें आश्वासन हा हिशेबांतील जमेचा आंकडा नव्हे. तो आला तर लाभ समजावा. तरीही दोन बोर्डांची किंमत जवळजवळ सारखी असेल, तर ज्याचें आयुष्य नुकतेंच सुरू झालें आहे तोच घ्यावा. एएम५ हें सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरांत आलें, व त्यास २०२७ पर्यंत व पुढेंही आधार देऊं असें कंपनीनें जाहीर केलें आहे. इंटेलचें एलजीए१७०० हें सॉकेट २०२१ मध्यें येऊन बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीस पुरलें, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत त्याची जागा एलजीए१८५१ नें घेतली. जुन्या सॉकेटाचें सामान स्वस्त मिळतें म्हणून कोणीं घेतल्यास त्यांत गैर कांहींच नाहीं. पण त्या बोर्डावर पुढचा मजला चढणार नाहीं, हें समजून घ्यावें.

दुसरा राहणारा भाग म्हणजे वीज पुरविणारा एस.एम.पी.एस. होय. दुकानांत सर्वांत कमी चर्चा याची होते, आणि काटकसरीची कात्री सर्वांत आधीं यावरच चालते. वस्तुतः हा बिघडला तर तो एकटा जात नाहीं; शेजाऱ्यांसही घेऊन जाण्याचा संभव असतो. हिशेब करून पाहावा. आरटीएक्स ५०६० हें ग्राफिक्स कार्ड १४५ वॅटचें असून त्यासाठीं ५५० वॅटचा पुरवठा असावा अशी कंपनीची शिफारस आहे. त्याच पिढीचें आरटीएक्स ५०७० हें कार्ड २५० वॅटचें असून त्यास ६५० वॅटचा पुरवठा सुचविला आहे. आज पहिलें कार्ड घेऊन पुढें दुसऱ्याच्या तोडीचें बसविण्याचा ज्याचा मानस आहे, त्यानें ६५० किंवा ७५० वॅटचा, नामांकित बनावटीचा एस.एम.पी.एस. आजच घ्यावा. चांगल्या बनावटीच्या कित्येक पुरवठ्यांस सात ते दहा वर्षांची हमी मिळते. म्हणजे तेवढ्या काळांत दोन-तीन कार्डें त्याच्या हाताखालून जाऊं शकतात. येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. सुट्या होणाऱ्या केबली एका बनावटीच्या पुरवठ्यांतून काढून दुसऱ्यास कदापि लावूं नयेत. टोंकें सारखीं दिसलीं तरी आंतील तारांची मांडणी निराळी असूं शकते, व एका क्षणांत हार्ड डिस्क किंवा बोर्ड जळून जातो.

तिसरा भाग कॅबिनेट. आंतील दिव्यांची रोषणाई पाहून तें निवडण्याची मुलांची ओढ आम्ही समजूं शकतों. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा कांहीं दिवस चाळिशीस टेकतो, आणि नवीं बांधकामें जेथें चाललीं आहेत त्या भागांत धूळही पुष्कळ असते. यास्तव पुढील बाजूनें हवा आंत येण्यास मोकळी जाळी, धुऊन पुन्हां बसवितां येणारें गाळणें, आणि ग्राफिक्स कार्डासाठीं पुरेशी लांबी हीं तीन लक्षणें आधीं पाहावींत. मोठीं कार्डें ३०० मिलिमीटरांहूनही लांब असतात; कॅबिनेटांत जागाच नसेल तर उद्यांचें कार्ड दाराबाहेरच राहील.

आतां बदलणाऱ्या भागांकडे वळूं. यांत मुख्य ग्राफिक्स कार्ड. खेळाच्या यंत्रांत सर्वांत अधिक पैसे यावरच जातात, व सर्वांत लवकर जुनें होणारेंही तेंच. तें किती मोठें घ्यावें, हें कार्डांच्या यादीवरून न ठरवितां मॉनिटरवरून ठरवावें. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारें २०.७ लक्ष बिंदु असतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर ३६.९ लक्ष, आणि ३८४० × २१६० च्या पडद्यावर ८२.९ लक्ष, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. प्रत्येक चित्र रंगवितांना कार्डास इतके बिंदु भरावे लागतात. साध्या पडद्यावर खेळणाऱ्या मुलास चौपट पडद्याचें कार्ड घेऊन देणें म्हणजे एका घागरीसाठीं टँकर बोलाविणें होय. मात्र कार्डावरील स्मृति पुढें वाढवितां येत नाहीं; म्हणून किंमतींत फार अंतर नसेल तर आठ जी.बी.पेक्षां बारा किंवा सोळा जी.बी.चें कार्ड पत्करावें. कार्ड ज्या पी.सी.आय. एक्सप्रेस खाचेंत बसतें ती पिढ्यान्‌पिढ्या जुळती ठेवण्यांत आली आहे. नवें कार्ड जुन्या खाचेंत सामान्यतः चालतें, वेग मात्र कांहींसा कमी मिळूं शकतो. त्यामुळें हा भाग पुढें बदलणें सर्वांत सोपें.

रॅमचा विचार थोडा नाजूक आहे. डी.डी.आर.४ व डी.डी.आर.५ यांच्या खाचा भिन्न आहेत. एकीची पट्टी दुसरींत बसत नाहीं. एएम५ बोर्डांवर फक्त दुसरी चालते. सामान्य बोर्डावर दोन पट्ट्या जोडीनें चालल्या म्हणजे वेग अधिक मिळतो, परंतु डी.डी.आर.५ मध्यें चारही खाचा भरल्या असतां वेग बहुधा उतरवावा लागतो. म्हणून पुढें ३२ जी.बी. करण्याचा विचार असेल तर आठ-आठच्या चार पट्ट्यांचा बेत करूं नये. सोळा-सोळाच्या दोन घ्याव्या. तितके पैसे आज नसतील तर सोळाची एकच घेऊन, वेगांतील तूट कांहीं दिवस सोसून, तशाच जातीची दुसरी पुढें जोडावी. साठवणीच्या एस.एस.डी.चेंही तसेंच : बोर्डावर एम.२ च्या दोन खाचा असल्या म्हणजे आज एक भरून दुसरी पुढच्यासाठीं मोकळी ठेवतां येते.

येथें कोणी चतुर वाचक आक्षेप घेईल, कीं जें पुढें स्वस्त होणार तें आज कां घ्यावें, सर्वच पुढें ढकलावें. यास उत्तर असें, कीं संगणकाचें सामान नेहमीं स्वस्तच होतें हा समज खरा नाहीं. २०२० ते २०२२ या काळांत साथीमुळें व आभासी चलनाच्या खटाटोपामुळें ग्राफिक्स कार्डें छापील किंमतीस मिळेनाशीं झालीं होतीं. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांकडे स्मृतीचा पुरवठा वळल्यामुळें साध्या रॅमच्या किंमती जगभर भराभर चढल्या. उद्यांच्या भावाचा अंदाज व्यापाऱ्यांसही करतां येत नाहीं, तेथें आपण त्यावर घराचा हिशेब उभारूं नये. जें आज खरोखर लागतें तें आज घ्यावें, आणि उद्यांसाठीं फक्त जागा ठेवावी. जागा ठेवण्यास खर्च थोडा लागतो, आणि भाव चढले तरी ती आपलीच राहते.

तरतुदीसही मर्यादा असते, हेंही सांगितलें पाहिजे. येथून जवळच ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग-२१ जातीच्या सुमारें सव्वाशे विमानांस नवें रडार व नवीं अस्त्रें देऊन त्यांचें 'बायसन' हें रूप बनविण्यांत आलें, त्यांतील बहुतेक काम या कारखान्यांत झालें. जुन्या सांगाड्यांतच नवी दृष्टि घालण्याचा हा मोठा उद्योग होता, व त्यामुळें तीं विमानें पुष्कळ वर्षें अधिक चाललीं. तथापि शेवटीं २६ सप्टेंबर २०२५ रोजीं मिग-२१ निवृत्त झालें. कारण सांगाड्यासही वय असतें. संगणकाच्या बाबतींत तर हा शेवट कधीं कधीं अगदीं अनपेक्षित दिशेनें येतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं टी.पी.एम. २.० व ठरावीक पिढीचे प्रोसेसर आवश्यक ठरले. त्यामुळें सुस्थितींत चालणारीं असंख्य यंत्रें कंपनीच्या यादीबाहेर गेलीं. 'कायमचा पुरणारा संगणक' असें कोणी सांगूं लागल्यास त्याचे आभार मानून पुढच्या दुकानांत जावें. चांगल्या योजनेनें यंत्राचें आयुष्य लांबवितां येतें. तें अमर करितां येत नाहीं.

तयार लॅपटॉप घ्यावा कीं जुळविलेला संगणक, असेंही पालक विचारतात. ज्या मुलास पुढें शिक्षणासाठीं बाहेरगांवीं राहावें लागणार, त्यास लॅपटॉप सोयीचा, यांत शंका नाहीं. पण खेळाच्या लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप व प्रोसेसर बहुधा बोर्डावरच डकविलेले असतात. रॅम किंवा एस.एस.डी. यांखेरीज पुढें फारसें कांहीं बदलतां येत नाहीं. खरेदी कोठें करावी, हाही तसाच प्रश्न. पंचवटी एक्सप्रेसनें मुंबईस जाऊन लॅमिंग्टन रोडवर चार पैसे वांचविणारे पुष्कळ आहेत. तेथें निवड मोठी, हें खरें. परंतु बायॉस नवा करून देणें, सदोष भाग हमींत परत पाठविणें, अशा कामांसाठीं गांवांतील जाणत्या दुकानदाराची किंमत त्या चार पैशांत धरावी.

आतां अखेरचा, व आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विद्यार्थिमित्रहो, हा संगणक 'अभ्यासासाठीं' म्हणून मागूं नका, जर तो खेळासाठीं हवा असेल. त्यावर प्रोग्रॅमिंग शिकतां येतें, चित्रें व चलच्चित्रें तयार करितां येतात, हें सर्व खरें आहे व तेंही अवश्य करावें. पण साध्या अभ्यासास महाग ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं, हें तुम्ही जाणतां. तुमचे वडील कदाचित् जाणत नसतील. त्यांच्या या न जाणण्यावर आपल्या हौसेची इमारत उभारणें हा एका प्रकारचा विश्वासघात आहे, आणि त्या इमारतीस कोणताही एस.एम.पी.एस. पुरा पडणार नाहीं. 'बाबा, यांतील इतके पैसे कामासाठीं आहेत व इतके हौसेसाठीं आहेत,' असें सरळ सांगून पाहा. नकार मिळाला तरी तुमचा शब्द शाबूत राहील.

आणि पालकहो, मुलानें इतक्या प्रामाणिकपणें हिशेब मांडला, तर तो केवळ खेळाचा म्हणून हातावेगळा करूं नका. यंत्र घेतांनाच त्याच्याशीं एक करार करा : पाया आम्ही घालूं, पुढचा मजला तूं चढवावयाचा. वाढदिवसाचे, बक्षिसाचे, सुटींत केलेल्या लहानसहान कामाचे पैसे बाजूस टाकून पुढचें कार्ड त्यानें घ्यावें. एक साधी वही करावी, तींत प्रत्येक भागाचें नांव, किंमत, खरेदीची तारीख व हमी संपण्याची तारीख लिहावी, आणि बिलें तींतच जपावीं. भाग बदलण्याची इच्छा झाली म्हणजे आधीं मोजमाप करावें. खेळ चालूं असतां ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेनें राबत असेल व तरीही चित्र अडखळत असेल, तर कार्ड अपुरें. कार्ड निम्में रिकामें असूनही अडखळत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅमकडे पाहावें. संगणकांतील टास्क मॅनेजर हें फुकट दाखवितो. जें अडतें तेंच बदलावें. शेजारच्यानें बदललें म्हणून आपलें बदलूं नये. काढलेला भाग चालता असेल तर एखाद्या धाकट्या विद्यार्थ्यास रास्त किंमतींत द्यावा. निकामी असेल तर तो कचऱ्याच्या गाडींत न टाकतां अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावा.

अशी वही ज्या घरांत दोन-तीन वर्षें नीट चालेल, त्या घरांतील मुलास हिशेब, संयम व वस्तूची पारख हीं तीन शास्त्रें खेळतां खेळतां येतील. आणि पुढें घर बांधण्याची किंवा बाग लावण्याची वेळ त्याजवर आली, तर खांबांच्या सळया किती उंच ठेवाव्या, हें त्यास कोणाला विचारावें लागणार नाहीं.